पावसाच्या यंत्रावरचा पहारा

माझ्या चुलत दिरांइतका संशयी माणूस उज्जैनमध्ये दुसरा झाला नाही. दूध हुंगून घेत, प्रसाद आधी पुजाऱ्याला खायला लावत, टावर चौकातलं घड्याळ बघून वर पानवाल्याला वेळ विचारत. राम घाटावर डुबकी मारतानाही चपलांची पिशवी हातात उंच धरलेली. पुण्य बुडालं तरी चालेल, चपला बुडता कामा नयेत!

अशा माणसाला मी पावसाचा विमा विकला. नव्या खासगी कंपन्यांचे विमे तेव्हा आमच्या फ्रीगंजच्या बँकेतून विकले जात, आणि एका दिवसाच्या ट्रेनिंगवर, कडक इस्त्रीच्या साडीत, मी स्वतःला मोठी पंडिता समजत होते. भाऊजींची जवळच्या खेड्यात थोडी सोयाबीन. मी टेचात म्हटलं, "भाऊजी, पाऊस कमी पडला की पैसे आपोआप. पीक बघायलाही कुणी येणार नाही. शाळेच्या आवारात यंत्र बसवलंय, ते पाऊस मोजेल."

"यंत्र कुणाचं?"

"कंपनीचं."

"म्हणजे पीक माझं आणि माप त्यांचं! वहिनी, कुणी त्यात लोटाभर पाणी ओतलं तर?"

ट्रेनिंगमध्ये लोटा आलाच नव्हता. भाऊजींनी विमा घेतला, गावालाही घ्यायला लावला आणि यंत्राशेजारी खाट टाकून, उन्हासाठी छत्री उघडून पहाऱ्याला बसले. बकऱ्या, कावळे, पोरं, सगळे संशयित. मास्तर पाण्याचा ग्लास घेऊन निघाले तरी ओरडत, "उधर से, मास्साब, उधर से!"

नेमका त्या साली पाऊस रुसला. सोयाबीन करपली. विम्याचे पैसे आले तरच गावाला हरभऱ्याचं बियाणं घेता येणार होतं. कंपनीचा साहेब तपासणीला आला, तर यंत्राच्या डोक्यावरच छत्री!

"बारिश तो आपने रोकी है!" तो कडाडला.

"अरे साब, आती तो रोकता ना!"

गाव हसलं, साहेब हसला नाही. सगळ्यांचे पैसे अडकले. शेवटी साहेब म्हणाला, शेजारच्या गावच्या मापावर बाकीच्यांना पैसे देतो, पण छत्रीवाल्याने आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यावं.

भाऊजी बँकेत माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "लिहा वहिनी. माझे नकोत, गावाचे तेवढे द्या."

मी लिहिलं. कागद पुढे सरकवत म्हटलं, "एकदा वाचून तर घ्या."

"तुम्ही लिहिलंय ना?" म्हणत त्यांनी सही केली.

त्या हिवाळ्यात गावभर हरभरा उभा राहिला, मधलं एक शेत तेवढं काळं. भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतक्या निर्धास्तपणे पुढे माझ्यावर कुणी विसंबलं नाही. नवऱ्याने तर नाहीच नाही.