गाळलेलं पान

दुपारी तीनचा सुमार. प्रयोगाला अजून अवकाश आहे, म्हणून जनार्दन केळस्कर रंगपटात राजाच्या झग्यावरच डोकं टेकून डोळे मिटतो. पाच मिनिटं, फार तर दहा. पंख्याची घरघर लांब जाते आणि विंगेत अण्णा टेमकर उभे दिसतात. नाट्यसंस्थेचे प्रॉम्प्टर, विंगेतून नटांना शब्द पुरवणारे. जाऊन चार वर्षं झाली, पण हातातली बॅटरी अजून चालू आहे.

"लवंग घे. घसा बसलाय तुझा," अण्णा म्हणतात. प्रयोगाआधी प्रत्येक नटाच्या तोंडात एक लवंग, हा त्यांचा शिरस्ता.

विंगेतून चार पावलं टाकावीत तर पुढे खाडी. दोघं होडीत बसतात. पाण्यावर संहितेची पानं तरंगतायत, नेमकं एकेचाळिसावं तेवढं नाही. आज प्रयोग आहे त्याच ग्रीक शोकांतिकेत अकरा वर्षांपूर्वी ते पान जनार्दनने अख्खं गाळलं होतं. राजा स्वतःच्या हाताने शत्रूला वेशीचं दार उघडेल, असं भविष्य त्या पानावर होतं. ते कानावर पडायच्या आधीच राजा झालेला जनार्दन रडायला लागला, प्रेक्षक हसले, स्पर्धा गेली. खापर फुटलं अण्णांवर, आणि हा मूग गिळून बसला.

आता तो घाईघाईने सांगू लागतो, की योगच तसा होता. त्या राजाच्या तरी हातात काय होतं, सगळं आधीच ठरलेलं.

अण्णांना हसू आवरत नाही. "ठरलेलं मी तुला अठरा वर्षं पुरवलं, जनू. तोंड तुझं होतं. राजा शेवटी काय म्हणतो?"

"दार मीच उघडलं."

"टाळी तिथेच पडते, गाढवा."

होडी धक्क्याला लागते ती रंगपटाच्या दाराशी. दारावर टकटक होते. अण्णांची मुलगी शलाका संहिता घेऊन आत येते. हल्ली प्रॉम्प्टिंग तीच करते.

जनार्दन उठून बसतो. "शलाका, तेव्हा ते पान मी गाळलं होतं. अण्णांची चूक नव्हती. आज सगळ्यांना सांगणार आहे."

ती शांतपणे पान उलटते. "माहीत आहे, काका. अण्णा सांगून गेलेत. म्हणाले, त्याचं त्याला बोलू दे, प्रॉम्प्ट करायचं नाही."

जनार्दनला इतकं हसू येतं की डोळे भरतात. मग जीभ चुरचुरते म्हणून तो तोंडात बोट घालतो. तळहातावर अर्धी चावलेली लवंग येते.

"ही कुठून आणलीत?" शलाका विचारते. "अण्णा गेल्यापासून आपण लवंगा ठेवत नाही."