बुवांची श्रद्धा

ताल चुकला की बुवा हातातला टाळ फेकून मारायचे. माझ्या कपाळावरचा व्रण त्यातलाच. रक्त आलं तरी भजन थांबलं नाही; अभंग संपल्यावर त्यांनी स्वतः हळद दाबली आणि म्हणाले, "देवाच्या दारात झोपा काढतस?"

घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ होती. बुवा मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचे चालवून कापड विणलेले. संपानंतर गिरणी सुटली, भजन सुटलं नाही. आवाज खरखरीत, तळवे लाकडासारखे. बायकोला मारणाऱ्या एका दारुड्याला त्यांनी भर नळावर आडवा केला होता, आणि संध्याकाळी त्यालाच भजनाला बसवलं होतं.

मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात जायचो. नव्या वाचनाच्या तोऱ्यात मी एकदा विचारलं, "बुवा, देव आहे असं तुम्ही खरंच मानता?"

"मानूक काय, कोणीय मानता," ते म्हणाले. "जीव खंय ठेवलंस, ता सांग."

जीव कुठे ठेवलास, हे विचारणं मला उत्तर टाळल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी त्यांचा नातू काविळीनं गेला. चार वर्षांचा होता. बुवांचा मुलगा वसंत वेडापिसा झाला. त्यानं गावाहून भगत आणला. भगताच्या अंगात आलं, तो घुमला आणि त्यानं बोट दाखवलं ते समोरच्या खोलीतल्या लीलाबाईंकडे. लीलाबाई विधवा, एकट्या, साड्यांना फॉल लावून पोट भरणाऱ्या. पोर आजारी असताना त्यांनी त्याला खीर भरवली होती. तेवढं पुरलं.

दिवेलागणीला पाच-सहा जण त्यांच्या खोलीत घुसले. केसांना धरून त्यांना बाहेर ओढलं. कोणी लाथा घातल्या, कोणी चपलेनं तोंड फोडलं. वसंतच्या हातात लोखंडी पहार होती. तिचा पहिला घाव लीलाबाईंच्या गुडघ्यावर बसला. ते हाड मोडल्याचा आवाज मी जिन्यातून ऐकला.

बुवा धावत आले आणि लीलाबाईंना त्यांच्या खोलीत ढकलून दारात उभे राहिले.

"बाबा, बाजूला व्हा!" वसंत ओरडला. "रोज देवापुढे बसता आणि देवानं घेतलेलं नाव मानत नाही?"

"देवान नाव घेतला नाय, वश्या. तुका मारूक कोणतरी व्हया होता. माका मार."

वसंतनं मारलं. पहार भुवईवर बसली, डोळा फुटला. बुवा रक्तानं न्हाले, पण चौकट सोडली नाही. दुसरा घाव खांद्यावर आला. मग वसंतच्या हातून पहार गळली, आणि बाकीचे पळाले.

हॉस्पिटलात हवालदारानं विचारलं, "कोणी मारलं?"

"माझ्या झिलान," बुवा म्हणाले. "लीलाबाईकय त्यानाच मारला. लिवा."

हवालदार गेल्यावर मी विचारलं, "आता विश्वास राहिला का हो, बुवा?"

"इस्वास उडालो. झिलावरचो उडालो, शेजाऱ्यांवरचो उडालो." पट्टीखालून पाणी गळत होतं. "श्रद्धा उडूक ती काय पाखरू हा?"

वसंतला शिक्षा झाली. दर भेटीला बुवा त्याच्यासाठी भाकरी घेऊन जात. सुटून आला तेव्हा त्यांनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. "आधी समोर जा." लीलाबाईंनी दार लावून घेतलं. बुवा म्हणाले, "उद्या परत जा." वसंत जात राहिला. दार उघडलं नाही.

थंडीत बुवा गेले. तिरडी उचलायच्या वेळी लीलाबाई लंगडत बाहेर आल्या आणि पुढे खांदा दिलेल्या वसंतच्या मागे दांड्याला हात घातला.

"बाईमाणूस खांदा देत नाही," कोणीतरी म्हणालं. "रीत नाही ती."

"ते माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा कोणी रीत विचारली नव्हती," लीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी दांडा खांद्यावर घेतला. उतार तीव्र होता, त्यांचा पाय नीट टेकत नव्हता. वसंतनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त पावलं आखडती घेतली. आम्ही सगळेच मग त्या लंगड्या चालीनं डोंगर उतरलो.