चाळीस वाक्प्रचारांची वाटणी

आमच्या घरात चाळीस इंग्रजी वाक्प्रचार आहेत आणि त्यांची चौघांत रीतसर वाटणी झालेली आहे. मला दहा, ह्यांना दहा, शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊला, सुरेखाला दहा, आणि आमचे सासरे आबा यांना दहा. वाटणी मी केली. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोषही माझ्याकडेच आला.

आमच्या विकीनं बंगळूरच्या नोकरीत मुलगी पसंत केली. अंजना. केरळची. मुलगी गुणी, आमची हरकत नव्हती. हरकत होती तिच्या वडिलांची. ते निवृत्त शिक्षक, आणि शिकवायचे काय, तर इंग्रजी! विकी फोनवर म्हणाला, "आई, त्यांना एकच काळजी आहे. तुम्हाला मल्याळम येत नाही, त्यांना मराठी नाही, हिंदी धड कुणालाच नाही. आपली पोरगी त्या घरात बोलणार कुणाशी, असं म्हणतात. पुढच्या महिन्यात घर बघायला येतायत. मग ठरवणार."

"येऊ देत की," मी म्हटलं. "महिना म्हणजे ढीग वेळ झाला."

माळ्यावरून विकीचं दहावीचं इंग्रजीचं गाईड काढलं. त्याच्या शेवटी 'अवघड वाक्प्रचार व अर्थ' अशी चाळीसची यादी होती. माझा हिशोब सोपा होता. साधी वाक्यं कुणीही बोलतं, पण मास्तर माणसावर छाप पडणार ती वाक्प्रचारांचीच! आता, आमच्या भावकीत कार्य असलं की घरटी पीठ वाटतात आणि प्रत्येकीनं आपल्या वाटणीच्या भाकऱ्या भाजून आणायच्या असतात. (कुणी दोन कमी आणल्या तर पुढची तीन वर्षं ऐकून घ्यावं लागतं.) मी तसंच केलं. यादी कात्रीनं चार तुकडे करून वाटली. अर्थ लांबलचक होते, ते मी सुटसुटीत करून मागे लिहिले.

"आपापले दहा पाठ करा आणि त्या दिवशी सगळे वापरा. एकही शिल्लक राहता कामा नये," असं मी बजावलं. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

पहिला गोंधळ पाहुणे यायच्या आधीच झाला. सुरेखाच्या वाट्याला धो धो पावसाचा वाक्प्रचार आला होता. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.' आणि पाहुणे येणार होते एप्रिलात!

"अक्का, बाहेर ऊन मरणाचं हाय. पाऊस कुठनं आणू मी?"

"तुझं तू बघ."

"मग मला तुझ्यातला एक बदलून दे की."

"वाटणी झाली सुरेखा. आता बदलाबदली न्हाय!"

ठरल्या दिवशी विकी आणि अंजना तिच्या आईवडिलांना घेऊन आले. वडील उंच, शांत, पांढरीशुभ्र केरळी लुंगी, म्हणजे मुंडू, नेसलेले. आई हसतमुख. चहा झाला. पाच मिनिटं सगळे नुसतेच माना हलवत होते. मग ह्यांनी खाकरून सुरुवात केली. "वुई विल लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड!" आणि खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणजे प्रयत्नांत कसर ठेवणार नाही; पण कशासाठी, ते पुढे काही नाही. वाक्प्रचार संपला, ह्यांचं काम संपलं!

मास्तरांनी नम्रपणे विचारलं, "फॉर व्हॉट?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

तेवढ्यात सुरेखा घुसली. तिनं काय करावं? खिडकीबाहेर कडकडीत ऊन असताना ती म्हणाली, "गगनबावडा! नॉट हिअर. गगनबावडा. जुलै. रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" आणि कुस्ती मारल्यासारखी माझ्याकडं बघून हसली.

जेवायला बसलो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. अंजनाच्या आईनं पांढरा रस्सा दुसऱ्यांदा घेतला आणि रोज असाच बेत असतो का, असं खुणेनं विचारलं. माझी संधी! माझ्या दहांतला सगळ्यात देखणा वाक्प्रचार मी याच प्रश्नासाठी राखून ठेवला होता. मी तोंड उघडलं, आणि शेजारून हे म्हणाले, "नो नो. वन्स इन अ ब्लू मून!"

माझा वाक्प्रचार! 'क्वचित कधीतरी', असा अर्थासकट महिनाभर मी घोकलेला!

"अहो, तो माझा होता!"

"अगं, तोंडात आला, बोललो."

"तोंडात कसा आला? तुमच्या तुकड्यात नव्हताच तो!"

"रोज भांडी घासताना मोठ्यांदा म्हणतीस, मग पाठ होणार न्हाय तर काय?"

सुरेखा म्हणाली, "बघ अक्का, मला बदलून द्यायला न्हाय म्हणालीस ना? भोग आता."

पाहुणे टेनिसच्या सामन्यासारखे इकडून तिकडं माना फिरवत होते. विकीनं डोळे मिटून घेतले होते.

आणि मग आबांनी ताट बाजूला सारलं. आबांचं वय ब्याऐंशी. ऐन उमेदीत कागलपर्यंतची मैदानं मारलेले पैलवान. सकाळपासून एकही वाक्प्रचार न वापरल्यामुळे बेचैन. ते उठले, विकीच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाले,

"माय ग्रँडसन! वुल्फ इन शीप्स क्लोदिंग!"

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला.

"वुल्फ?"

"येस! फुल वुल्फ!" आबांनी विकीची पाठ थोपटली.

अंजनाच्या आईनं मास्तरांच्या कानात काहीतरी विचारलं. त्यांनी सांगितलं. तिचं हसू गेलं. अंजनानं विकीकडं बघितलं. विकी रश्श्यासारखा पांढरा पडला होता.

"आबा, काय बोललासा हे!" मी कळवळले.

"काय चुकलं? तूच लिहिलंयस न्हवं सूनबाई? बाहेरून मेंढी, आतून लांडगा. पैलवान असाच पायजे. दिसायला गरीब, आणि हात लावला की आस्मान दाखवणारा! पोराची शिफारस केली मी."

मी डोक्याला हात लावला. गाईडमध्ये 'साधेपणाचा आव आणणारा कपटी मनुष्य' असा स्वच्छ अर्थ होता. तो सुटसुटीत मी केला होता!

आता लपवण्यात अर्थ नव्हता. स्वयंपाकघरातून चौघांचे तुकडे आणून मी मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवले आणि विकीला म्हटलं, "सांग त्यांना सगळं. पीठ, भाकऱ्या, वाटणी, सगळं. चूक आईची आहे म्हणावं."

विकी अडखळत सांगू लागला. आबांचं पैलवानी स्पष्टीकरणही सांगितलं. मास्तरांनी चष्मा लावला, एकेक तुकडा वाचला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. पाणी पुढं केलं. पण माणूस हसत होता! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग इंग्रजीत बरंच काही बोलला. विकीनं मराठी केलं ते असं :

"अंजनाचे बाबा म्हणतात, मी तीस वर्षं हे वाक्प्रचार शिकवले, पण ते सगळे एकाच दिवशी वापरायला निघालेलं घर पहिल्यांदा बघितलं. म्हणतात, मला भीती होती की इथं माझ्या मुलीशी कोणी बोलणार नाही. आता भीती आहे की तिला बोलायला मिळणार नाही."

लग्न दिवाळीनंतर झालं. आबांनी उरलेले नऊ मांडवात संपवले. (मास्तरांनी अर्थ आधी तपासून दिले होते.)

अंजना आता घरून काम करते, वर्षातले सहा महिने इथंच असते आणि माझ्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलते. परवा मी फोनवर विहीणबाईंना मोडक्यातोडक्या हिंदीत पांढऱ्या रश्श्याची कृती पाऊण तास सांगत होते, तर मागून आली आणि म्हणाली, "आई, वन्स इन अ ब्लू मून गप बसत चला की! माझी मीटिंग चालू हाय."

वाक्प्रचार माझा, आणि वापरलेलाही अचूक! फटकन देण्यासारखं उत्तर मला सुचलं होतं, इंग्रजीत. पण ते निघालं सुरेखाच्या वाटणीतलं.

म्हणून गप बसले.