मामाचं केशरी घर

सूर्याला मावळू देऊन त्याचा उजेड मात्र घरात अडकवून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, माझा मोठा मामा. अकोल्यात त्याचं फुलांचं दुकान. पातूरजवळच्या आमच्या गावाहून मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्याच्याकडे राहायला आलो. आमच्या घरात एवढं शिकणारा मी पहिलाच, त्यामुळे सगळ्या घराची परीक्षा माझ्या डोक्यावर होती आणि झोप पार उडाली होती. एका चाचणीत मी उत्तरपत्रिकेवरच पेंगलो. ते कळलं आणि मामाने माझी झोप स्वतःच्या अंगावर घेतली.

संध्याकाळनंतर मोबाइलचा, ट्यूबलाइटचा निळसर उजेड डोळ्यांत गेला की झोप लांबते, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. मामाला अर्धवट काही जमत नसे. पुष्पगुच्छाला गुंडाळायच्या केशरी जिलेटिन कागदाचं भेंडोळं त्याने दुकानातून आणलं आणि दिवेलागणीला घरच गुंडाळायला घेतलं. ट्यूबलाइट, टीव्ही, माझा मोबाइल, देवघरातला छोटा बल्ब, फ्रिजच्या आतला दिवासुद्धा. मामी म्हणाली, "बाप्पा, इथं माणसं राह्यतात. घराचा गुच्छ कावून करून राहिले तुमी?"

मामा शांतपणे चिकटपट्टी लावत राहिला. "निळा उजेड झोपेले खाते. पोराले झोप पाह्यजे."

सात वाजले की आम्ही संत्र्याच्या फोडीत शिरल्यासारखे व्हायचो. भिंती मऊ वाटायच्या, मामीचा आवाज दुरून यायचा, भातावर वरण वाढलंय की नाही हे जिभेलाच कळायचं. त्याच उजेडात मामा दुसऱ्या दिवशीचे हार ओवायचा. तिथे पांढरी शेवंती आणि पिवळी शेवंती जुळ्या बहिणी होऊन बसायच्या. एका लग्नघराने हळदीसाठी पिवळे हार सांगितले होते. सकाळी टोपलीतून पांढरेशुभ्र निघाले. मुलीचे वडील तणतणत आले, "हे काय देऊन राहिले भाऊ?"

"हळद लागली का होतात पिवळे," मामा म्हणाला, आणि मुकाट्याने नवे हार ओवायला बसला. कागद मात्र निघाला नाही.

हळूहळू माझे डोळे वेळेवर मिटू लागले. पुढे मी वाचलं, की निळा उजेड अडवल्याने काहींना लवकर झोप येते, काहींना फारसा फरक पडत नाही. माझ्या झोपेत कागदाचा वाटा किती आणि मामाचा किती, ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्रीही मी गाढ झोपलो. पहाटे उठलो तर मामा दाराबाहेरच्या ओट्यावर, डोळे लाल. मामी चहा ठेवत म्हणाली, "रातभर बसून होते. कुत्रं भुकलं का हाकलाले उठत."

मामाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "लागली ना झोप तुले?"

"लागली."

"मंग जाय, आंघोळ कर."

मी पास झालो. आता अमरावतीत नोकरी करतो. मामा थकलाय, आणि या वयात त्याला झोप येईनाशी झालीये. मागच्या खेपेला गेलो तेव्हा म्हटलं, घराला पुन्हा कागद लावून देतो.

"राहू दे," तो म्हणाला. "मले आता कोन्ती परीक्षा द्याची हाय."

मी दिवा मालवला आणि त्याचा श्वास संथ होईपर्यंत उशाशी बसून राहिलो.