शेवटच्या आसावरची जागा

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचे, असे विचारले तर मी मथुरामावशींचे नाव घेईन. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. कल्याणात त्यांचा बैलगाड्यांचा तळ होता आणि यजमान गेल्यावर तो त्या एकट्याच चालवीत. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर बसून पाहायची त्यांची सवय गावभर ठाऊक होती. पाट, झोपाळा, पेटी, गाडी, काहीही. अंगाने भरभक्कम. "मला पेललं तर संसाराला पेलेल," असे म्हणत आणि आधी स्वतःच हसत.

मी मुरबाडकडच्या खेड्यातून इंग्रजी शाळेत शिकायला आलो, तेव्हा मावशींनी मला तळावर एक कोपरा दिला आणि गल्लीत फिरून माझे वार लावले. रोज एका घरी जेवण, रविवार त्यांच्याकडे. "एकाच घरावर टाकला तर घर वाकेल," त्या म्हणत, "सातांवर टाकला तर कोणाला कळायचंपण नाय."

पुढे आगगाडीने लांबची वाहतूक पळवली आणि तळ बसायला आला. तळ मोडला असता तर माझा कोपरा आणि शाळाही गेलीच असती. अशात शहाडकडच्या भाताच्या गिरणीचा वाफेचा अवजड बंब कल्याण स्टेशनात येऊन पडला. तो सुखरूप नेईल त्याला गिरणीचे सगळे काम मिळणार होते. अडचण होती वाटेतल्या ओढ्यावरच्या पुलाची. तेथली सरकारी पाटी मी मावशींना वाचून दाखवली: गाडीच्या एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या कण्यावर, ठरल्या वजनापेक्षा अधिक ओझे घालू नये.

मावशी माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "अरे, हे तर तुझ्या वारासारखंच की रे."

आम्ही नौपाड्यात एका सुताराकडे गेलो. त्याने दोन आसांची देखणी गाडी पुढे केली, हिच्यावरून हत्ती न्या म्हणाला. हत्तीखाली पूल मोडला तर खालून धरायला तू येशील का, असे मावशींनी त्याला विचारले. मागच्या अंगणात चार आसांची, बिनकठड्याची, लांबलचक सपाट गाडी धूळ खात होती. वळणावर अडते म्हणून तिला कोणी विचारीत नव्हते. मावशी एकेका आसावर बसल्या, कुरकुर ऐकली, माझ्याकडून हिशेब करवून घेतला. चारही आस नियमात बसत होते. "हीच. दिसायला बरी नाय, पण वाटून घेते."

नव्या गाडीच्या पहिल्या खेपेला मालकाने गाडीवर बसायचे, नाहीतर बैल रुसतात, अशी तळावरची रीत. म्हणून बंब निघाला तेव्हा मावशी पुढे त्याला टेकून बसल्या. नारळ फुटले, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंतची माझी सगळी घरे हौसेने गाडीवर चढली.

पुलाशी वजनावर नजर ठेवणाऱ्या सरकारी ओव्हरसियरांनी सर्वांना उतरवले. मावशी उतरेनात. ओव्हरसियरांनी आकडेमोड केली, खोकले, पगडी सारखी केली. बाईमाणसाला हे कसे सांगावे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे बघत म्हणालो की, मावशी, पुढचा आस भरलाय.

मावशी अशा हसल्या की बैलांनी माना वळवल्या.

"मग मोकळा कुठला?"

"शेवटचा," ओव्हरसियर म्हणाले. बंब मागे निमुळता होता.

"तसं सांगा की. लाजता काय रे पोरांनो?"

त्या मागे गेल्या आणि शेवटच्या आसावर बसल्या, पाय खाली सोडून, तोंड कल्याणकडे. गाडी पुलावर चढली. फळ्या कण्हल्या. आम्ही श्वास धरून उभे, आणि मावशी सासरी निघालेल्या नवरीसारख्या आम्हांला हात हलवीत, उलट्या, पलीकडे पोचल्या. ओव्हरसियर सर्वांच्या आधी नाचले.

तळ राहिला, माझी शाळा राहिली. आज मावशी नाहीत. बी. ए. झालो तेव्हा मी त्यांना पाठवलेले पत्र असे होते:

"ती. मथुरामावशींचे सेवेशी, साष्टांग नमस्कार. मी पास झालो. कल्याणच्याच शाळेत माझी नेमणूक झाली आहे. हे पत्र कृपया सातही घरी कोणाकडून तरी वाचून घ्यावे. गुरुवारच्या काकांची बदली झाली असे कळले. तळावर आता जो कोणी मुलगा शिकायला असेल, त्याचा गुरुवार माझ्याकडे लावावा. मला तेवढी जागा ठेवावी."