गिरणीची पूजा

फाउंड्रीतल्या ओतकामाच्या साच्यांची जळकी वाळू चुन्याबरोबर पोलादी गोळ्यांच्या गिरणीत रगडली, की नुसत्या रगडण्यानं तिचं रसायन बदलतं आणि भट्टीशिवाय विटा होतात. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या एका कारखान्यात मी हे करून दाखवलं. मालकांनी हौसेनं गिरणी घेतली, पाहुण्यांना दाखवली. मग वाळूच्या ट्रॉल्या पुन्हा ओढ्यात रिकाम्या होऊ लागल्या आणि गिरणी धूळ खात पडली.

खंडेनवमीला तेवढी ती धुऊन तिला हार घालायचे. एकदा माझं डोकंच फिरलं. विचारलं, "ही चालवणार कधी?"

"मॅडम, एका वर्षी तरी पूजा चुकलीया व्हय?" मालक म्हणाले आणि गिरणीतलाच एक गोळा काढून त्यांनी नारळ फोडला.

त्या गोळ्यानं वर्षभरात फोडलं ते तेवढंच.