दोन कोपींमधले आप्पा

येळवशीच्या दिवशी माझे वडील एसटी अडवायचे.

हात दाखवून गाडी थांबवणं वेगळं आणि अडवणं वेगळं. आप्पा धोतर वर खोचून लातूर-नांदेड रस्त्याच्या अगदी मधोमध उभे राहायचे. एका हातात अंबिलीचा तांब्या, दुसरा हात वर. ड्रायव्हरनं कितीही हॉर्न वाजवला तरी हलायचे नाहीत. गाडी थांबली की दारातून आत डोकं घालून म्हणायचे, "उतरा समदे. भज्जी गरम हाय." कुणी घाई असल्याचं सांगितलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "आज लातुरात कोण हाय? कुलपांला भेटायला चाललास का?"

त्यात काही खोटं नव्हतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर रिकामं होतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यावर शाल टाकायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे. त्यांना नैवेद्य दाखवायचा, अंबील शिंपडत कोपीभोवती "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असं ओरडत फिरायचं आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली अंबील. पुण्याकडची माणसं विचारतात की हा कसला सण, देव कुठला याचा? मी आता सांगायचं सोडून दिलंय.

एकदा अडवलेल्या गाडीतले सगळे उतारू उतरले, पण कंडक्टर उतरेना. नवा होता, तिकिटांची पेटी छातीशी धरून बसला. म्हणाला, "मी ड्यूटीवर हाय." आप्पा म्हणाले, "पेटीबी आण संगं. तिलाबी वाढू." शेवटी तो उतरला, आणि असा जेवला की ड्रायव्हरला त्याला हाका मारायला लागल्या. तो अहमदपूरचा होता. पुढं ड्यूटी असो नसो, दर येळवशीला पेरूंची पिशवी घेऊन यायचा. रिटायर झाल्यावरही यायचा, पुढं गुडघ्यांनी धरल्यावर येणं सुटलं. आम्ही त्यांना कंडक्टर काकाच म्हणत आलो.

दुसऱ्या एका वर्षी आप्पांनी पोलिसांची जीप अडवली. आत दोरी बांधलेला एक माणूस होता. हवालदार म्हणाला, "आप्पा, आरोपी हाय, याला उतरवता येत न्हाई." आप्पा म्हणाले, "गुन्हा तुमच्यापाशी ठेवा. भूक माझ्याकडं द्या." त्या माणसाला पंगतीत बसवलं, दोरीचं टोक हवालदाराच्या मांडीखाली. शेजारचा एक पाव्हणा कुजबुजला, "कोण हाय, कुण्या जातीचा हाय, इचारा तर." आप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुढचा उंडा न चावताच गिळला. "कोपीत आलेल्याला नाव इचारायचं नसतंय," एवढंच बोलले.

एरवी आप्पा काही संत नव्हते. तापट होते, हेकट होते. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. माझं लग्न ठरवताना त्यांनी मला विचारलं नाही आणि शिकवताना गावाला विचारलं नाही, दोन्हीही त्याच हेकटपणानं. मी नांदेडला शाळेत शिकवते. पोरं मला खाष्ट म्हणतात. ते कुठून आलं हे त्यांना ठाऊक नाही.

माझ्या मुलीवर, सईवर, मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. ती चालायला लागल्यापासून येळवशीला आप्पांच्या खांद्यावर बसून "ओलगे ओलगे" ओरडायची. आप्पा पुढं अंबील शिंपडायचे आणि वरून हिचा आवाज. "नांदेडची पोरगी हाय, पन नरडं आपल्या शिवारातलं हाय," असं ते सगळ्यांना ऐकवायचे.

आई गेल्यावर माझ्या दोन भावांचं बिनसलं. थोरला माधव, धाकटा बालाजी. बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून सुरुवात झाली आणि नंतर कारणांची गरज उरली नाही. आप्पांनी मग स्वतःच वाटणी करायचं ठरवलं. "मी हाय तवर वाटून देतो. मागून डोकी फुटायला नकोत," म्हणाले. बैलं वाटली, झाडं वाटली, बोअरचे वार वाटले. मला कुणी विचारलं नाही. लेकीला काय, नांदेडात घर आहे.

शेताच्या मध्यावर लिंबाच्या झाडाखाली आमचे पांडव असायचे. आप्पांच्या आज्यानं मांडलेले, दर वर्षी चुना खाऊन गुळगुळीत झालेले दगड. मोजणीवाला म्हणाला, "आप्पा, बांध जरा सरकवू. पांडव येका अंगाला जातील." आप्पा म्हणाले, "तेच तर नको." त्यांनी बांध हट्टानं बरोब्बर पांडवांच्या मधून नेला. मला फोनवर मोठ्या खुशीत सांगितलं होतं, "आता कोप बांधावरच करावी लागंल. येक पाय याच्या रानात, येक पाय त्याच्या रानात. वरसातून येकदा तरी दोघं समोरासमोर बसतील. बसायलाच लागंल."

सगळं शिवार हाताच्या तळव्यासारखं ओळखणाऱ्या माणसानं आपली पोरं ओळखली नव्हती.

वाटणीनंतरच्या पहिल्या येळवशीला मी आणि सई शेतात पोचलो तर समोर दोन कोपी. बांधाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक, दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशांना. भावांनी पांडव वाटून घेतले होते. बांधाच्या ज्या अंगाला जे दगड पडले ते ज्याचे त्याचे, म्हणजे माधवचे तीन आणि बालाजीचे दोन. मग रस्त्याच्या कामासाठी पडलेल्या ढिगातून माधवनं दोन दगड उचलून आणले, बालाजीनं तीन. सगळ्यांना चुना फासला. दोन्हीकडं पाच-पाच पांडव तयार. कुठला खरा, कुठला ठेकेदाराचा, ओळखायची सोय नाही. देव वाटून घेतले माझ्या भावांनी. माझ्या वाट्याला त्यातही एक आला नाही.

"आरं, काय करून राहिलात हे?" आप्पा म्हणाले. आवाज चढलाच नाही. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

माधव म्हणाला, "तुम्हीच तर मधून बांध घातलात आप्पा." बालाजी पलीकडून म्हणाला, "व्हय, आमी काय आमच्या मनानं केलं का?" इतक्या दिवसांत दोघं एकमेकांच्या बाजूनं बोलले ते त्यावेळी.

आप्पा बांधावर जाऊन बसले. दोन्ही सुनांनी ताटं आणली, त्यांनी दोन्ही परत पाठवली. गाड्या मात्र अडवल्या. येईल त्याला उठून कधी या कोपीकडं, कधी त्या कोपीकडं लावून द्यायचे, आणि स्वतः परत बांधावर. दुपार कलली तरी पोटात काही नाही. तेव्हा सई दोन्ही मामींकडं गेली. एकीकडून भज्जी घेतली, एकीकडून अंबील, दोन्हीकडचे उंडे. सगळं एका परातीत कुस्करून कालवलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"आबा, आता कुणाचं कोणतं ते मलापण कळत नाही. जेवा."

आप्पांनी परात जवळ ओढली. मग जेवले. डोळ्यांना धार लागलेली आणि जेवत होते. पुढच्या सगळ्या येळवशी अशाच झाल्या. नातीनं कालवलं तरच जेवण. सुनांना ते अपमानाचं वाटायचं, भाऊ नजर चुकवायचे, आणि कोपी दोनच्या दोन राहिल्या.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना नांदेडला आणलं. पोरगे भेटायला यायचे, एक सोमवारी आला तर दुसरा मंगळवारी, म्हणजे जिन्यातसुद्धा गाठ पडायला नको. त्या वर्षीची येळवस आप्पांनी माझ्या फ्लॅटच्या दारात खुर्ची टाकून काढली. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला अडवलं. "टाकी ठेव तिथं. भज्जी खाल्ल्याबिगर सोडणार न्हाई." त्याला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झालाय. पण बसला बिचारा, जेवला. तो गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "त्या दोघांला म्हणावं, येकदा येक कोप करा. मला बगायची हाय. मंग मी जायला मोकळा."

मी दोघांना फोन केले. माधव म्हणाला, "अक्का, तो धाकटा हाय. आधी त्यानं यावं." बालाजी म्हणाला, "तो थोरला हाय. आधी त्यानं बोलवावं." दोघंही म्हणाले, "पुढच्या येळवशीला बगू." मी आप्पांना सांगितलं, बघू म्हणालेत. आप्पा म्हणाले, "मी काय पुढच्या येळवशीपतूर थांबून राहू का?" माघात गेले. कोप बघायची राहून गेली.

गावाच्या फाट्यावर दोन फ्लेक्स लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. एकावर शोकाकुल माधव, त्याची बायको, त्याची पोरं. दुसऱ्यावर शोकाकुल बालाजी, त्याची बायको, त्याची पोरं. आप्पांचा फोटो दोन्हीवर तोच, पोरांच्या फोटोंपेक्षा लहान. तेराव्याला गावातल्या पुढाऱ्यानं भाषण केलं, की असा बाप लाभायला भाग्य लागतं, आणि असे पुत्र लाभायलाही. मी उठून पत्रावळी उचलायला गेले. तिथंच बसले असते तर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

त्या साली आप्पांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून येळवस झाली नाही. भावांचं इतक्या वर्षांत एकमत झालं ते तेवढ्यावर.

यंदा झाली. मी सईला घेऊन गेले. दोन कोपी होत्याच, पण यंदा दोन्ही कोपींमध्ये पांडवांच्या मागं आप्पांचा फोटो, हार घातलेला, पुढं भरलेलं ताट. जो माणूस जिवंतपणी या दोन कोपींपैकी एकीतही घासभर जेवला नाही, त्याला मेल्यावर दोन्हीकडं बसवला होता. आता तो ताट परत पाठवू शकत नव्हता. मला इतका संताप आला की हातातली पिशवी मी खाली आपटली.

सई नेहमीप्रमाणं परात घेऊन मामीकडं गेली. माधवची बायको म्हणाली, "आता कुणासाठी कालवतीस गं? आबा तर इथं बसलेत, फोटोत." सईनं परात खाली ठेवली. "मामी, आबा इथं कधी बसले होते?" असं म्हणून बांधावर जाऊन बसली, आबांच्या जागेवर.

एवढ्यात रस्त्यावरून कंडक्टर काका येताना दिसले. वाटणीच्या आधीच त्यांचं येणं सुटलं होतं. केस पांढरे, हातात पेरूंची पिशवी. त्यांना आप्पा गेल्याचं ठाऊक नव्हतं. रस्त्यावर आपल्याला कुणी अडवलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. "आप्पा कुठं हायत? आज गाड्या खुशाल चालल्यात," म्हणत बांधापर्यंत आले. मी सांगितलं. काका तिथंच सईजवळ बसले. सईच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठले, दोन्हीकडं बघितलं आणि विचारलं, "आप्पांची कोप कंची?"

"हीच," माधव म्हणाला.

"हीच की," बालाजी म्हणाला.

दोघंही आपापल्या कोपीच्या तोंडाशी उभे. काका एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलले असते तर ते जेवले असते. पण माझ्याच्यानं होईना.

"काका," मी म्हणाले, "आप्पांची कोप आता न्हाई."

माधव माझ्यावर ओरडला, "अक्का, सणाच्या दिशी कायबी बोलू नको!" बालाजीही काहीतरी बोलला. तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. निदान माझ्या बाबतीत तरी त्यांचं जमलं.

"अंबील तरी घ्या," माधव म्हणाला. "घ्या की," बालाजी म्हणाला. बांधाच्या दोन्ही बाजूंनी दोन तांबे पुढं आले. काकांनी दोन्ही तांब्यांना हात जोडले. पेरूंची पिशवी सईच्या मांडीवर ठेवली आणि रस्त्याकडं वळले. सई पाठोपाठ धावली, तिनं त्यांना हाकही मारली. त्यांनी मागं न बघता नुसता हात वर केला आणि समोरून आलेली अहमदपूरची गाडी थांबवली.

आप्पांनी आमच्या शेतावरून माणूस कधी उपाशी जाऊ दिला नव्हता. हा गेला. तोही पेरू देऊन.